बाबांची ढगघंटा

२ नोव्हेंबर

प्रिय चिऊ,

अनेक आशीर्वाद. तुझं पत्र पोचलं. मी बरी आहे, बाबा बरे आहेत, शिवणयंत्र कुरकुरतं पण चालतंय. थंडी वाढायच्या आत बाबांना तुझ्याकडे न्यायचं म्हणतेस. तू त्यांची लेक, तुझा हक्क माझ्या आधी. त्यांच्या डोळ्यांचं विचारलंस, ते पुढे लिहितेच.

आधी गच्चीवरची गंमत ऐक. तुझा दादा गेल्यावर बाबांनी सोलर पॅनेल बसवून घेतली ती माझ्या पडद्यांच्या कामासाठी, हे तुला ठाऊक आहे. पण जन्मभर घड्याळं दुरुस्त केलेला माणूस, तो थोडाच गप्प बसतोय! उन्हाळ्यात मी मोठ्या ऐटीत एका हॉटेलचे सगळे पडदे अंगावर घेतले. म्हटलं, ऊन रणरणतंय, वीजच वीज. तर भर दुपारी इस्त्रीने मान टाकली. बाबा पोट धरून हसले.

"सूनबाई, पॅनेलला ऊन हवं, उकाडा नको. तापली की तीही तुझ्या-माझ्यासारखी ढेपाळतात. थंडीतली स्वच्छ दुपार बघ, कशी कामाला लागतात. फक्त दिवस आखूड, तेवढा हात भरभर चालवायचा."

आता हवा गार झाल्यावर अगदी तसंच झालं बघ. पावसाळ्यात तर त्यांनी माझं कामच वाटून दिलं. आभाळ भरलं तरी थोडी वीज येतेच, तिच्यावर शिवण. ढग फाटले की इस्त्री. मोठी सर येऊन गेली की स्वारी खूश, कारण धूळ आयती धुतली जाते. थंडीत सूर्य खालून जातो म्हणून पॅनेलच्या चौकटींना बिजागऱ्या लावून घेतल्यात. आता ती जरा उभी करायची, उन्हाळ्यात पुन्हा आडवी. पाना मी फिरवते, हुकूम ते सोडतात. एवढं डोकं या वयात कुठून आणतात, मला खरंच नवल वाटतं.

आणि घंटा! तुझ्या दादाच्या सायकलची घंटा त्यांनी गच्चीवरच्या आपल्या खुर्चीला बसवली आहे. ढग सूर्याकडे निघाला की एकदा ट्रिंग, म्हणजे इस्त्री बंद. ढग सरला की दोनदा, म्हणजे चालू. सगळी गल्ली हसते. शेजारीण तर म्हणते, "तुमच्या घरी दिवसभर पोस्टमन येतो का हो?"

हां, डोळ्यांचं. किती टाळू?

बाबांना आता फक्त उजेड आणि अंधार कळतो. गेलेली नजर परत यायची नाही, असं डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलंय. तुला घोर नको म्हणून बाबांनी माझं तोंड बंद केलं होतं. ढग त्यांना दिसत नाहीत. वारा गार लागला, गालावरचं ऊन मऊ झालं, की अंदाज बांधतात. बहुतेक वेळा बरोबर, कधी साफ चूक. लख्ख उन्हात घंटा वाजते आणि मी इस्त्री बंद करून हात बांधून बसते. खाली मीटर आहे, किती वीज येतेय ते मला दिसतं. त्यांना कधी सांगितलं नाही, सांगणारही नाही.

तुझं पत्र त्यांना पूर्ण वाचून दाखवलं. म्हणाले, "तिच्याकडे सोय उत्तम होईल. डॉक्टरही जवळ." मग चहा संपवला. आणि कप ठेवताना, "पण तिथे ढग आला तर सांगू कोणाला?"

चिऊ, वर हक्काचं लिहिलं ते मनापासून नव्हतं. त्यांना नेऊ नकोस. जिन्याला दोन्ही बाजूंनी कठडा करून घेतलाय, गच्चीवर जाता-येता मी सोबत असते. त्यांची काळजी घेते म्हणून मागत नाहीये गं, मला ते हवे आहेत म्हणून मागतेय. तुझा दादा गेल्यापासून या घरात मला हाक मारणारं दुसरं आहे कोण? तू ये, महिनाभर राहा, पॅनेल उभी करताना चौकट धर आणि त्यांचे हुकूम ऐक. तरीही न्यावंसं वाटलं तर मी त्यांची बॅग भरून देईन.

बघ, घंटा वाजली. एकदाच. खिडकीत ऊन लख्ख आहे, आभाळात ढगाचा ठिपका नाही.

इस्त्री बंद करायला उठते.

तुझीच,
वहिनी