पुण्याची बाकरवडी

रविवार, संध्याकाळ

अजून सगळं स्वप्नासारखं तरंगतंय. दादा नशामुक्ती केंद्रातून घरी आला. आई मात्र इतके महिने कॉलनीत सांगत होती, तो पुण्याला कोर्स करतोय. आमच्या घरात खरं बोलायची सवयच कुठे आहे! मग पुण्याहून येणारा रिकाम्या हाताने कसा येईल? आईने इथल्याच, इंदूरच्या राजवाड्याच्या बाजारातून बाकरवडी आणवली, पुड्यावरचं दुकानाचं लेबल काढलं, डब्यात भरली आणि आम्हा दोघांना शेजारच्या काकूंकडे धाडलं. त्यांचा निखिल बंगलोरला नोकरीला असतो.

काकूंच्या ओट्यावर पिवळं, मऊ ऊन पसरलं होतं. मोगऱ्याचा वास येत होता. दादाने डबा उघडून काकूंपुढे धरला.

“काय म्हणतं रे पुणं?” काकूंनी विचारलं.

“काकू, मी पुण्याला गेलोच नव्हतो. नशा करायचो. ती सोडवायला इथेच इंदूरच्या केंद्रात होतो.”

मला वाटलं, बस, हो गया. आता आईला काय सांगू?

काकूंनी डबा जवळ ओढला. मग एक बाकरवडी उचलून हळूच म्हणाल्या, “आमचा निखिल पण बंगलोरला नाहीये रे. अशा केंद्रात पोरांना जेवायला बरं देतात का?”