फेल, फेल्ड, फेल्ड

३ नोव्हेंबर, सोमवार
नोकरीच्या परीक्षेच्या क्लासमध्ये इंग्रजीच्या सरांनी आज फळ्यावर बंदीची यादी लिहिली. गुड, बॅड, बिग, व्हेरी, हिट, बीट. हे चौथीच्या पोरांचे शब्द, म्हणे. जो वापरेल तो तास संपेपर्यंत उभा. मी दोनदा उभी राहिले. एकदा व्हेरीसाठी, एकदा गुडसाठी. मागच्या बाकावरची दोन पोरं खिदळत होती. जव्हारमधलीच. बाप मास्तर, घरी रोज पेपर. आमच्या गावी, पोशेऱ्याला, पेपर यायचा तो सुक्या बोंबलाभोवती गुंडाळून.

ठरलं. रोज दहा शब्द, मोठे, खोलीच्या भिंतीवर चिकटवायचे. या दोघांची थोबाडं बंद केली नाहीत तर नावाची विमल नाही.

५ नोव्हेंबर, बुधवार
आजच्या दहातले दोन लक्षात राहिले.
टॅसिटर्न = अबोल. आमची बाय. थोरली बहीण जनी, पण दिवसभरात दहा वाक्यं बोलली तर डोक्यावरून पाणी.
फेल = पाडणे (झाड वगैरे). नापासवालं फेल नाही, हे वेगळं. फेल, फेल्ड, फेल्ड.

वाक्य केलं. ही फेल्ड द ट्री विथ ॲन ॲक्स. सर म्हणाले, "एक्सलंट! हा शब्द ग्रॅज्युएटांना येत नाही." पहिल्यांदा एक्सलंट मिळालं. मागचे दोघे गपगार. येताना स्टँडवर एकटीनेच भजी खाल्ली.

६ नोव्हेंबर, गुरुवार
बायचा सासरहून, दाभोशाहून फोन. शेजारणीच्या मोबाईलवरून, म्हणजे काहीतरी झालंय. भात झोडून झालं. आता देवजीला वीटभट्टीवर जायचंय. देवजी म्हणजे तिचा नवरा. भावजी म्हणायचं मी गेल्या वर्षीच सोडलं.

बाय म्हणते, "औंदा मी भट्टीवर नाय जात."

गेल्या वर्षी भिवंडीकडच्या भट्टीवर सातव्या महिन्यात तिचं पोट पडलं. सगळ्यांना असंच सांगितलं, पोट पडलं. पडलं नव्हतं. त्याने लाथ घालून पाडलं होतं. मला तिने हे सहा महिन्यांनी सांगितलं, नाचणी निवडता निवडता, मान वर न करता. मी आईला सांगितलं. आई म्हणाली, "तू गप ऱ्हा, तुजं लगीन व्हयाचं हाय." ते ऐकून मी भिंतीवर डोकं आपटलं होतं, खरोखर. टेंगूळ आलं होतं.

फोनवर म्हटलं, माझ्याकडे ये. म्हणाली, बघते.

७ नोव्हेंबर, शुक्रवार
लिहवत नाही. तरी लिहिते.

दुपारी जीपवाल्याने बायला स्टँडवर आणून उतरवलं. डावा हात कोपराखाली नको तिथे वाकलेला. कपाळ फुटलेलं, रक्त सुकून केस चिकटलेले. तोंड एका बाजूने इतकं सुजलेलं की ओळखायला क्षण लागला. कुऱ्हाडीच्या दांड्याने मारलं. नाही येत म्हणाली म्हणून. दांड्याने, पात्याने नाही, हे तिने मला उपकार झाल्यासारखं सांगितलं.

दवाखान्यात नवा डॉक्टर. लांबचा, दक्षिणेकडचा असावा. मराठी शून्य. बायला विचारलं, काय झालं? सुजलेल्या तोंडातून तिने एवढंच म्हटलं, "मला पाडला त्यानी."

डॉक्टर माझ्याकडे वळला. म्हणाला, "हिंदी चलेगा." मी म्हटलं, "आय कॅन स्पीक इंग्लिश, सर." आणि सांगितलं, "हर हजबंड फेल्ड हर, सर."

मला वाटलं, मोठ्ठा पराक्रम केला. बाय कण्हत होती आणि मला आत कुठेतरी बरं वाटत होतं की शब्द बरोब्बर वेळेला आठवला. लाज वाटते हे लिहायला. पण वाटलं होतं.

८ नोव्हेंबर, शनिवार
पोलीस ठाण्यात गेले, दवाखान्याचा कागद घेऊन. हवालदाराने वाचला, परत वाचला.
"पडल्या का तुमच्या भगिनी?"
"पडल्या नाहीत. मारलंय नवऱ्याने."
"कागदावर पडल्याचं आहे. पडण्याला कलम नसतं, बाई."

कागद हातात घेतला. डॉक्टरचं अक्षर कोंबडीचे पाय, पण चार अक्षरं स्वच्छ. फॉल. हिस्टरी ऑफ फॉल. नवऱ्याचं नाव कुठेच नाही.

त्याने ‘फेल’ ऐकलं, म्हणजे पडली. शेवटचा ‘ड’ एक तर मी गिळला नाहीतर त्याने. "हजबंड" ऐकून त्याला वाटलं असेल, नवऱ्यासमोर पडली, नवऱ्याच्या घरी पडली, देव जाणे. बीट म्हटलं असतं तर? हिट म्हटलं असतं तर? चौथीतला शब्द. येत होता मला. तोंडावर आलाही होता. बंदी आहे म्हणून परत गिळला.

खोलीवर येऊन भिंतीवरचे सगळे कागद ओरबाडले. रंगाचे पोपडेही निघाले. बाय कोपऱ्यात प्लास्टरचा हात मांडीवर घेऊन बघत होती. म्हणाली, "भिंतीनी काय केलाय तुजं?"

तिला सांगितलं, चूक माझी झाली. तिला कळलं की नाही, कोण जाणे. भात वाढ म्हणाली.

११ नोव्हेंबर, मंगळवार
आईचा फोन. "जनीला परत धाड. नवरा हाय तो." मी फोनवर जे बोलले ते इथे लिहीत नाही. बाय म्हणाली, आईसंगं असा बोलू नको. मार खाणारी ही, आणि मला शिकवते. संतापाने डोळे भरून आले.

क्लासला गेले नाही.

१३ नोव्हेंबर, गुरुवार
देवजी आला.

बायला घेऊन स्टँडजवळ औषधं आणायला गेले होते. तो मागून आला, हसत. आधी मला म्हणाला, "काय मॅडम." मग बायचा तोच हात धरला, प्लास्टरचा, आणि जीपकडे ओढायला लागला. बाय ओरडली. आयुष्यात पहिल्यांदा तिला ओरडताना ऐकलं. बघे उभे होते. एकाच्या हातात ऊस होता, तो चघळत बघत होता.

माझ्या पिशवीत डिक्शनरी होती. सेकंडहँड, कापडी पुठ्ठ्याची, विटेएवढी जड. दोन्ही हातांनी उचलून त्याच्या नाकावर घातली. मग परत. मग परत. तिसऱ्यांदा काहीतरी कट्कन वाजलं आणि तो खाली बसला. मला थांबायचं नव्हतं. खरं सांगते, गोड वाटत होतं. बायनेच चांगल्या हाताने मागे ओढलं. "बास गं विमे. मरंल तो."

मरू दे म्हणाले. आत्ताही तेच म्हणते.

डिक्शनरीचा पुठ्ठा धुतला. डाग जात नाही.

१४ नोव्हेंबर, शुक्रवार
ठाण्यातून बोलावणं. माझ्यावर तक्रार. देवजीचाही कागद झालाय, त्याच दवाखान्यात, त्याच डॉक्टरकडे. हवालदाराने दाखवला. असॉल्ट बाय सिस्टर-इन-लॉ. नाकाचं हाड मोडलं. वार कशाने, किती, कोणी, सगळं ओळीने.

विचारलं, त्याने काय सांगितलं होतं डॉक्टरला? हवालदार हसला. "साली ने मारा. अजून काय सांगणार?"

साली ने मारा. भट्टीवरची हिंदी. तीन शब्द, आणि त्याचा कागद चोख. रोज दहा शब्द पाठ करणारीचा कागद फॉल.

हसू आलं मला. हवालदाराला वाटलं डोक्यावर परिणाम झालाय.

१५ नोव्हेंबर, शनिवार
दवाखान्यात गेले. डॉक्टरला गाठलं, रांग मोडून. म्हटलं, सर, कागद चुकला. त्याने नोंद काढली. "यू सेड फेल."
"फेल्ड, सर. विथ अ डी. लाइक अ ट्री."

त्याने पेन खाली ठेवलं. मग म्हणाला, "व्हाय डिडंट यू जस्ट से बीट?"

बंदी आहे, हे कसं सांगणार? म्हटलं, "माय मिस्टेक, सर."

लिहिलेलं खोडता येत नाही, म्हणाला. पण मंगळवारी प्लास्टर तपासायला बाय येईल तेव्हा तिने स्वतः सांगितलं तर नवी नोंद करीन, ठाण्यालाही कळवीन. तिने स्वतः. तोंडाची सूज उतरलीय ना आता? मग तिनेच. "नॉट यू," असं बोट दाखवून म्हणाला. बरोबर आहे त्याचं. लागलं पण.

१६ नोव्हेंबर, रविवार
देवजीने जीपवाल्याबरोबर निरोप पाठवला. जनी भट्टीवर आली तर विमलवरची तक्रार मागे घेतो. नाही आली तर विमलला आत टाकतो, मग बघू कोण नोकरी देतो ते.

दुपारी बाय उठून एका हाताने लुगड्यांचं बोचकं बांधायला लागली. दाताने गाठ ओढत होती.
"कुठं निघालीस?"
"तुला सायबीण व्हयाचा हाय ना."

मी बोचकं खिडकीतून फेकून दिलं. तिच्यावर हात उचलला. उचलला, खरंच. तिने डोकं दोन्ही दंडांमध्ये घातलं, सवयीने, आवाजही न करता. मी तिथेच खाली बसले. देवजी आणि मी, काय फरक राहिला?

मग तीच खाली जाऊन बोचकं घेऊन आली. माझ्याजवळ बसली. म्हणाली, "रडू नको. त्या डाक्तरला कसा सांगतात?"

हिंदी सांगितलं. मारा. इंग्रजी सांगितलं. बीट. तिने दोन्ही म्हणून पाहिले. बीट म्हणताना तिला हसू आलं. "भाजीवानी हाय." आम्ही दोघी हसलो. पण मंगळवारी जाणार का, यावर काही बोलली नाही.

१७ नोव्हेंबर, सोमवार
क्लासला गेले. सरांना सगळं सांगितलं, मराठीत, उभी राहूनच. सर म्हणाले, वाईट झालं, पण भाषा अशी मागे ओढायची नसते. मी फळ्याकडे गेले आणि बंदीच्या यादीतला बीट हाताने पुसला. मागच्या बाकावरचं कुणी हसलं नाही. सरांनी मला बाहेर काढलं. काढू देत.

१८ नोव्हेंबर, मंगळवार
दवाखान्याच्या बाकावर बसून लिहितेय. बाय आत आहे, पडद्यामागे. मला बाहेर थांबवलंय. सकाळी निघताना तिने ते बोचकं बरोबर घेतलं. काही विचारलं नाही मी. विचारायची हिंमत झाली नाही.

डॉक्टरचा आवाज. "कैसे हुआ? गिर गया?"

काही नाही. पंखा कुरकुरतोय. अजून काही नाही. बाय, बोल. टॅसिटर्न पुरे झालं आता, बोल.

बोलली.

"गिरी नाय. मारा. मरद ने मारा."

मग थांबली. मला वाटलं झालं. उठणारच होते. तेवढ्यात परत तिचा आवाज, आधीपेक्षा मोठा. "पिछले साल पेट बी. पेट बी गिरा नाय. वो बी मारा."

आता आत डॉक्टर काहीतरी विचारतोय, हळू आवाजात, आणि ती सांगतेय. इतकं सलग बोलताना तिला मी कधी ऐकलं नव्हतं. मला रडूही येतंय आणि ओरडावंसंही वाटतंय.

खिडकीतून फाटक दिसतं. देवजी उभा आहे, नाकावर पांढरी पट्टी. बरोबर अजून दोघे. जीप चालू ठेवलीय. शिपायाला विचारलं, मागे वाट आहे का? नाही म्हणाला.

बोचकं माझ्या मांडीवर आहे. डिक्शनरी पिशवीत आहे.