आंधळी चाचणी

सोमवार, ३ नोव्हेंबर

आले बाप्पा एकदाची नागपुरात! आता उमरेड-बुटीबोरी अप-डाऊन बंद, आणि कंपनीत दिवसभर मालाच्या नोंदी करत बसणंही बंद. बाबांनी एसटीत बसवताना गोधडी, चिवड्याचा डबा आणि एक भलं मोठं कुलूप दिलं. शहरात कुलूप लागते म्हणाले. जशी काही मी अमेरिकेतच चालले! आई गेल्यापासून आम्ही दोघंच, त्यामुळे गाडी सुटेपर्यंत ते खिडकीची दांडी धरून उभे होते.

खोली सक्करदऱ्यात, कौसल्याकाकूंच्या घरी वरच्या मजल्यावर. खिडकीतून तलावाचा एक कोपरा दिसतो, बाकी सगळ्या काकूंच्या वाळत घातलेल्या साड्या. त्यांनी पहिलाच प्रश्न विचारला की तिखट रस्सा चालते का वं तुले. कोष्ट्याच्या पोरीले विचारतात हे! मी दुसऱ्यांदा वाटी पुढे केली तेव्हा त्यांची खात्री पटली.

नव्या नोकरीचं ऑफिस दोन गल्ल्या सोडून, मालक विहंग सरांच्या घरातच. सर माझ्याहून थोडेच मोठे. त्यांचे वडील कोर्टात बाबू होते, घरात सगळे शुद्ध बोलतात, म्हणून मीही तिथं जपून बोलते. कंपनी म्हणजे आम्ही दोघं, एक कुरकुरणारा पंखा आणि डबे भरभरून फासे. आमचा खेळ टेबलाभोवती बसून खेळायचा, पण पट नाही, सोंगट्या नाहीत. खेळाडूंनी एकेक पात्र घ्यायचं आणि ते काय करतं ते नुसतं तोंडानं सांगायचं. गोष्ट पुढे नेणारा एक सूत्रधार, तो म्हणणार समोर कडा आहे. खेळाडू म्हणणार माझं पात्र उडी मारतं. मग फासे टाकायचे, उडी जमली की फसली ते फासे सांगणार. पात्रं सगळी जिवावर उदार झालेली: कड्यावरून उड्या, उभ्या भिंतीवर चढाई, उतारावर सुसाट सायकल. आणि याचे नियम लिहिणार कोण, तर मी, जिला जत्रेतल्या आकाशपाळण्याकडे खालून पाहिलं तरी भोवळ येते. बाबांना फोनवर सांगितलं तर ते इतके हसले की त्यांना ठसका लागला. लय बरं वाटून राहिलं आज.

शुक्रवार, ७ नोव्हेंबर

लिहिणं जोरात चाललंय. सरांची तक्रार एकच होती की खेळात भीती वाटत नाही. कागदावरचं पात्र मेलं तर मेलं, दुसरं घ्यायचं, कोणाच्या बापाचं काय जाते! यावर मी तोडगा काढला आणि सर खुर्चीतून उठलेच. प्रत्येक पात्राला एक जोडीदार, दोर धरणारा. पात्र चुकलं तर त्याला खरचटणारसुद्धा नाही, जी काय इजा व्हायची ती दोर धरणाऱ्याला. आणि माघार नाही. खेळाडू बोलला की पात्रानं ते करायचंच. पात्राचा धीर सुटला, ते अडून बसलं, तरी फटका जोडीदारालाच. सर म्हणाले की प्रणाली, तू दिसतेस तितकी साधी नाहीस. मी फुगून टम्म.

नवख्यांना समजावं म्हणून नियमपुस्तकात नमुन्याचं एक पात्र द्यावं लागतं. आता नाव कुठून आणू? जेवण झालेलं, डोळ्यांवर झोप. टाकलं आपलंच: प्रणाली, राहणार उमरेड, उंचीची भीती. जोडीदार तिचे वडील बबनराव, जन्मभर हातमागावर बसलेले, पकड पक्की. शेवटचं प्रकरण, म्हणजे खेळ संपवायचा कसा, ते राहिलंय. पुढच्या आवृत्तीत पाहू, आधी चाचणीला तर जाऊ दे, असं सरांचं म्हणणं.

मंगळवार, ११ नोव्हेंबर

आजपासून आंधळी चाचणी. अनोळखी माणसांच्या हाती नुसतं नियमपुस्तक द्यायचं आणि आपण बाजूला व्हायचं. बनवणाऱ्यानं त्यांच्या खोलीत जायचं नाही, त्यांना भेटायचं नाही, त्यांनी काही विचारलं तरी उत्तर द्यायचं नाही. चाचणी संपेपर्यंत नियमात एका शब्दाचाही बदल नाही, नाहीतर दोष कुठं होता ते कळणारच नाही. सर या बाबतीत भलतेच कडक आहेत. मंडळी दुपारच्या जेवणानंतर मागच्या जिन्यानं येतात आणि दार लावून घेतात. भिंतीपलीकडून मला फाशांचा खडखडाट ऐकू येतो, आणि हसणं.

जाताना ते दाराखालून चिठ्ठी सरकवतात, आज काय खेळलो त्याची. आळशी कुठले! स्वतःची पात्रं बनवलीच नाहीत, सगळे मिळून नमुन्यातल्या प्रणालीलाच खेळवताहेत. आज म्हणे तिनं भर गर्दीत उड्डाणपुलाच्या उतारावर हात सोडून सायकल घातली. मी पोट धरून हसले. कारण दुपारी कागद आणायला काकूंची सायकल नेली होती, आणि पुलावरून उतरताना मीही हात सोडले होते! रिक्षावाल्यांनी शिव्या घातल्या. कसं सुचलं कोण जाणे, पण मजा आली.

शनिवार, १५ नोव्हेंबर

मी, प्रणाली धकाते, आज पाण्याच्या टाकीवर चढले. काकूंच्या मागच्या गल्लीतली उंच टाकी, बाजूला गंजलेली शिडी. भोवळ नाही, काही नाही. वरून अख्खा तलाव दिसला आणि कोणाच्यातरी गच्चीवर वाळत घातलेले पापड. खालून काकू ओरडत होत्या की काहून चढली वं पोरी, मराले? खाली आल्यावर त्यांनी पाठीत धपाटा घातला. मला मात्र मोठ्ठं काही जिंकल्यासारखं वाटत होतं.

ऑफिसात चिठ्ठी आली होती. प्रणाली टाकीवर चढली. वरून काय दिसतं असं खेळाडूंनी विचारलं, तर सूत्रधारानं सांगितलं की तलाव, आणि एका गच्चीवर पापड.

पापडांचं मी कोणाला बोलले नव्हते. सरांना विचारलं की तुम्ही माझ्याबद्दल त्यांना काही सांगता का. त्यांना राग आला. आपण स्वतःही त्या खोलीत पाऊल टाकत नाही म्हणाले. योगायोग असतात माणसाच्या आयुष्यात. मी स्वतःला तेच सांगून राहिले.

मंगळवार, १८ नोव्हेंबर

खोलीची कडी लावून घेतली आणि लिहायला बसले.

दुपारी चहाला म्हणून खाली उतरले आणि पाय वळले कोपऱ्यावरच्या अर्धवट इमारतीकडे. वळवले मी नाही. पाय माझेच, पण चालवणारी मी नव्हते. पालथ्या घमेल्यांवर बसून डबा खाणारे मजूर पाहतच राहिले आणि मी परांचीच्या बांबूंवरून चढत गेले. मनात म्हणत होते थांब, थांब, थांब वं. तोंडातून शब्द फुटेना. वर एक बांबू निसटला आणि मी खाली आले ती थेट गिट्टीच्या ढिगावर. लोक धावले. अंगावर ओरखडासुद्धा नाही.

तेवढ्यात उमरेडहून शेजाऱ्यांचा फोन. बाबा ओट्यावर नुसते बसले होते आणि बसल्या जागी त्यांचं मनगट मोडलं. कट्कन आवाज आला म्हणे.

चिठ्ठी मी वाचली नाही. वाचायची गरजच नाही.

गुरुवार, २० नोव्हेंबर

बाबांना भेटून आले. हाताला प्लास्टर. हसून म्हणाले, म्हातारी हाडं आहेत वं, तू काहून रडून राहिली? काय सांगू त्यांना?

सरांच्या हातापाया पडले. तो जोडीदाराचा नियम खोडा म्हटलं. त्यांनी मला पाणी दिलं, सुट्टी घे म्हणाले. पण चाचणी चालू असताना नियम बदलता येत नाही, हे मी समजून घ्यायला हवं म्हणाले. फार गोड आवाजात म्हणाले.

मग मी स्वतःच गेले त्या दारापाशी. कडीपर्यंत हात नेला. पुढे जाईना. बोटं आखडली नव्हती, दुखत नव्हती, नुसती जात नव्हती. आतून एका बाईचा आवाज आला. ती इतरांना सांगत होती की प्रणाली आता दाराबाहेर उभी आहे.

सगळे हसले. अगदी साधं हसले, घरात पत्ते खेळताना हसतात तसं.

शनिवार, २२ नोव्हेंबर

आज गेलेच नाही ऑफिसला. काकूले बाहेरून कडी लावायला सांगितली, ओढणीनं स्वतःले पलंगाले बांधलं. फाशांचा आवाज दोन गल्ल्यांवरून येऊ शकत नाही. आला. पाय ओढून राहिले खिडकीकडे. मी पलंगाची फळी दातात धरली, पण हलली नाही. जिंकली असं वाटलं.

फोन आला. बाबांच्या बरगड्या. जेवायला बसले होते.

अडून बसलं तरी फटका जोडीदारालाच. कोणी लिहिलं हे? मीच ना! शाबासकी घेतली त्याची!

एक समजलं. ते विचार करत असतात, चहा पीत असतात, तेवढा वेळ हात माझा असतो. तेव्हाच लिहिता येते.

सोमवार, २४ नोव्हेंबर

चिठ्ठीत त्यांनी प्रश्न विचारला. हा खेळ संपतो कधी?

संपत नाही. संपवायचं प्रकरण लिहिलंच नाही मी. घाईघाईनं बसून एका कागदावर लिहिलं की खेळ संपला, सगळे आपापल्या घरी गेले, कोणाले काही झालं नाही. दाराखालून आत सरकवला. तो तसाच बाहेर आला. सरांनी पाहिला आणि फाडला. पहिल्यांदा मोठ्यानं बोलले माझ्यावर.

मग थोडे नरमले. म्हणाले, मंडळींले — मंडळींना प्रणाली आता कंटाळवाणी वाटते. सारखी रडते. एक मोठी उडी झाली की दुसरं पात्र घेऊ का, असं विचारलं होतं त्यांनी. सरांनी अर्थातच उत्तर दिलं नाही.

माझ्याजागी कोणी दुसरं. घ्या ना! कोणालेही घ्या, मले सोडा. असं वाटलं मले, खरंच वाटलं.

मंगळवार, २५ नोव्हेंबर

एसटीत आहे. मांडीवर दोर. विकत कधी घेतला आठवत नाही.

उमरेडची गाडी. फोनमध्ये दिसते की सकाळी बाबाले मी फोन केला. काय बोलली, माहीत नाही. शेजारची बाई विचारून राहिली, बरं नाही का पोरी. तिले सांगायचं होतं की मले धरून ठेव. तोंडातून आलं की बरी आहे मावशी —

उतरली. गावाकडे नाही. बंद खाणीकडे —

नंतर

खाणीच्या काठावर. खाली पाणी, काळं, लय खोल. चहा चालला असन त्यांचा, हात माझा आहे.

बाबा आले. प्लास्टर, छातीले पट्टा, आटोनं आले. म्हणाले, तूच बोलावलं ना वं, दोर धराले. दोर कमरेले गुंडाळून बसले. मी म्हणून राहिली, सोडा, बाबा, पाया पडते, घरी जा. ऐकत नाहीत. पोरीचा दोर कोणी सोडते का म्हणाले.

उडी मारली तर चुकू शकते. नाही मारली तर — दोन्हीकडून बाबाच —

अजून चहाच? कितीतरी वेळ झाला.

पाय हलवून पाहिला. हलला. मागे गेली, काठापासून दूर, झाडापर्यंत गेली आणि कोणी ओढलं नाही. सुटली! देवा, मी सुटली! जमिनीवर बसून रडली. बाबाले हाक मारली, चला घरी.

बाबा बोलत नाहीत.

उठले. बरगड्या मोडलेला माणूस असा उठत नाही. दोर सोडला कमरेचा. काठाकडे चालून राहिले. चेहरा माझ्याकडे वळवला, डोळे घाबरले आहेत, तोंड उघडत नाही त्यांचं —

त्यांनी दुसरं पात्र घेतलं.

धरलं मी. दोन्ही हातांनी. नाही थांबत, मले ओढत नेते. पुस्तकात बाबांना जोडीदारच नाही. दोर धरणाऱ्याचा दोर कोण धरन, ते मी लिहिलंच नाही. कोणी नाही त्यांच्यामागे. लागलं तर त्यांनाच —

दोर घेतला. एक टोक त्यांच्या कमरेले, एक माझ्या. उभे राहिले काठावर. थांबले. फासे हातात घेतले असन कोणीतरी. थांबा. ऐका तुम्ही, जे कोणी आहात, लिहून देते, नियम समजा — बाबांचा दोर मी धरला आहे. चुकले तर मले लागू द्या, मले, त्यांचं काही — प्रणालीनं दोर धरला आहे, ऐकलं का, प्रणालीनं दो