बोलावणं

कराची बंदर, कार्तिक व॥ ३, शके १८०५

ती. रू. बाबांचे पायी बालक महिपतचा शि. सा. न. वि. वि.

मी खुशाल. गोदी सोडून आता कोळशाच्या वखारीत आहे; रागावू नका, गोदीतला मुकादम शिव्या फार द्यायचा. आपल्याकडचा एक गडी सांगत होता, तुम्ही सरकारी झालात म्हणे! पिढीजात वैद्य, नि देवी टोचणाऱ्या डॉक्टरामागं दारोदार? लोक तुमच्या शब्दावर पोरं पुढं करतील म्हणूनच घेतलं असणार. बाबा, पाय दुखत असतील, तरी ठाण्याला जाऊन माझ्या ठकीला आधी टोचून घ्या. इथं देवीनं शेजारची पोरं नेली.

लेकराचा लोभ धरावा.
महिपत

कल्याण, मार्गशीर्ष शु॥ १

चि. महिपतीस अ. आ. वि.

ठकी अजून तशीच आहे. सूनबाई बाळंतपणाला ठाण्यात टेंभी नाक्यावर माहेरी, म्हणून पोरही तिथंच. मी गेलो, तर विहीणबाई आवडाबाई उंबऱ्यात आडव्या. म्हणाल्या, घरचं माणूस बोलवायला गेल्याशिवाय वैद्यानं पायरी चढू नये, आपण होऊन आला तर मागून यम येतो, हे वैद्यबुवा तुम्हीच शिकवलंत ना? भोंदूंना कुणी घरात घेऊ नये म्हणून जन्मभर हेच सांगत आलो. कल्याणातही तीच गत. डॉक्टर म्हणतो, हुकूम दाखवा. हुकुमानं दार उघडतं रे, पण पोरं माळ्यावर लपवतात. दमलो बाबा. व्याही बोलावणार नाहीत. सूनबाई आत रडत होती, पण बाळंतिणीचं कोण ऐकतं? त्यांच्या शेजारच्या घरात देवी आल्या आहेत.

जिवाला जप. आशीर्वाद आहेतच.
हरिहर

कराची बंदर, मार्गशीर्ष शु॥ १२

ती. रू. बाबांचे पायी शि. सा. न. वि. वि.

पत्र वाचलं नि तडक धक्क्यावर गेलो. घरचं माणूस पाहिजे ना? ठकीचा बाप मी आहे. आजच्या आगबोटीत जागा नाही, म्हणून पत्र पुढं धाडतो. पुढच्या बोटीनं मी येतोच. मालक म्हणाला, गेलास तर परत ठेवणार नाही. बरं म्हटलं. याचं आणखी एक काम सुटलं, असं तुम्ही म्हणालच. म्हणा.

मुंबईहून गाडी ठाण्यावरूनच येईल. पोर तिथं, तरी मी उतरणार नाही. आधी कल्याणला येऊन आपल्या अंगणात उभा राहीन, रीतीनं तुम्हाला बोलावीन, मग दोघं मागं फिरू. सासूबाई जन्मभर बोलल्या नाहीत तरी चालेल. ठकीला मांडीवर मीच धरीन. तोवर डॉक्टराला लांब जाऊ देऊ नका.

आणि बाबा, मी येईपर्यंत तिला ताप भरला असेल, तर अंगणात सांगू नका. नुसते माझ्याबरोबर चला.

माया पातळ होऊ देऊ नका.
आपला महिपत