सुयुन्चूत गेलेला मायक्रोफोन

बिश्केक, मंगळवार

आदरणीय वहिनी,

तुला, आईबाबांना, दादाला आणि शेजारपाजारच्या सर्व वडीलधाऱ्यांना मनापासून सलाम. बाबांचा गुडघा, आईचा रक्तदाब, दादाच्या गाडीचा गिअर आणि तांबड्या घोडीची टाच, सगळं ठीक असेल अशी आशा करते. खरं तर तुझी तब्येत सर्वांत आधी विचारायला हवी होती, पण पत्र आईच्या हातात पडलं आणि तिला आपल्याआधी सुनेची विचारपूस दिसली, तर तुलाच ऐकावं लागेल. म्हणून आता विचारते. पाठ दुखायची थांबली का? बाळ लाथा मारतं का? डॉक्टरीणबाई अजून "कधीही होऊ शकतं" एवढंच म्हणतात का?

हे सगळं फोनवर विचारता आलं असतं, पण आपल्या घरी फोन स्पीकरवर टाकून जेवायला अंथरलेल्या कापडावर मधोमध ठेवतात आणि बाबा प्रत्येक वाक्याला "काय म्हणाली?" असं विचारतात. मला जे सांगायचं आहे ते तसं सांगण्यासारखं नाही. म्हणून हे पत्र आपल्या कोचकोरच्या टॅक्सीवाल्या झोलदोशकडे देते आहे. (पाकिटाला भरपूर चिकटपट्टी लावली आहे. ती निघालेली दिसली तर आता सगळ्या कोचकोरला ठाऊक आहे असं समज.)

वहिनी, आमची मालिका मंजूर झाली. पूर्ण आठ भागांची माहितीपट मालिका, चॅनेलवर, रात्रीच्या बातम्यांच्या आधी. बाबा गावात सांगत फिरतात तशी मी त्यात दिसणार नाही. मी दिग्दर्शक एदिलची सहायक आहे, म्हणजे संशोधन करते, लोकांच्या वेळा ठरवते आणि चहा कधी संपला ते लक्षात ठेवते. पण विषय माझा आहे. मेदेरदादा आणि शेरगाझीदादा हे दोन संगीत निर्माते एकाच स्टुडिओत, एकाच पाटीखाली भागीदारीत धंदा करतात. आपल्याकडच्या निम्म्या लग्नांत नाचायला वाजतात ती गाणी यांच्याकडचीच. मेदेरदादा चाली बांधतो आणि दिवसभरात चार शब्द बोलतो. शेरगाझीदादा गायक आणतो, गिऱ्हाईक आणतो आणि मेदेरदादाच्या वाटणीचंही बोलतो. एदिलला मी पहिल्याच दिवशी म्हटलं होतं, आपल्या देशात दोन माणसं भांडल्याशिवाय एकत्र धंदा करू शकतात हे लोकांना दाखवू या. तो म्हणाला, "हे कोण बघणार?" मी दोन पानी निवेदन लिहून दिलं. (तू हसते आहेस हे मला इथून दिसतंय.)

तर मंजुरीचा फोन मला आला आणि मी स्टुडिओकडे धावत सुटले. चांगली बातमी असली की माझ्या तोंडून बातमीआधी बक्षिसाची मागणी, "सुयुन्चू", निघते, हे तुला सांगायला नको. दादासाठी तुमच्याकडचा होकार मीच आणला होता आणि आईच्या कानातली चांदीची कर्णफुलं त्या बदल्यात वसूल केली होती. दारातूनच ओरडले, "सुयुन्चू, सुयुन्चू, मालिका मंजूर झाली." शेरगाझीदादाने मला उचलायचंच बाकी ठेवलं. मग बातमी आणणारीला द्यायला त्याने खिसे चाचपले, तर त्यात गाडीची किल्ली आणि सूर्यफुलाच्या बिया. एरवी त्याने बिया दिल्या असत्या आणि मी आनंदाने घेतल्या असत्या. पण एदिलचा कॅमेरा चालू होता. शेरगाझीदादाने कॅमेऱ्याकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, आणि स्टँडवरून मायक्रोफोन काढून माझ्या ओंजळीत ठेवला.

वहिनी, तो मायक्रोफोन. त्यासाठी एकाने घोडा विकला होता आणि दुसऱ्याने मोटार. त्यांचं प्रत्येक गाणं त्याच्यातूनच गेलंय. मेदेरदादा तेव्हा दोन हात अंतरावर बसला होता, कानांना हेडफोन लावून, डोळे मिटून, ढोलाचा आवाज निवडत. डोळे उघडले तर समोर नुसता स्टँड.

"शेरगाझी, डोकंही देऊन टाक कुणाला तरी. तसंही वापरात नाहीये," तो म्हणाला. (त्या दिवसाचे जवळजवळ सगळे शब्द त्यातच संपले.)

"अरे, कॅमेरा चालू होता. सगळ्या देशासमोर बिया देऊ का पोरीला?"

"अर्धा माझा होता."

"मग अर्धा आनंद तुझाही आहे ना?"

तेव्हापासून दोघे एकाच स्टुडिओत दोन खोल्यांत बसतात आणि एकमेकांचे निरोप माझ्याकडून पाठवतात. मी मायक्रोफोन लगेच परत द्यायला गेले तर मेदेरदादाच दोन पावलं मागे सरला. सुयुन्चू परत केली तर बातमीही परत जाते, असं त्याची आई म्हणते. मी पदवीधर आहे, माझा असल्या गोष्टींवर विश्वास नाही. पण मंजुरीच्या कागदावर चॅनेलची सही अजून व्हायची आहे, म्हणून मायक्रोफोन माझ्या पलंगाखाली लोकरी शालीत गुंडाळून ठेवलाय. काल एक गायिका ध्वनिमुद्रणाला आली आणि रिकाम्या स्टँडपुढे थोडा वेळ उभी राहून परत गेली. शनिवारी सकाळी मेदेरदादाने ट्रक बोलावलाय. त्याचे स्पीकर, त्याचा कॉम्प्युटर, सगळं हलवणार आणि पाटीवरचं आपलं नावही काढणार. एदिल हात चोळतोय. "आता कुठे मालिका झाली," म्हणतो. आठ भाग एका घटस्फोटाचे, वहिनी. आणि त्याला कारण मी.

एकच मार्ग सुचला. परत देता येत नाही, पण मला कुणी चांगली बातमी आणली तर माझी सुयुन्चू म्हणून देता येईल. ते परत करणं होत नाही. मी दोघांना म्हटलं, मला काहीतरी आनंदाचं सांगा. मेदेरदादाने बराच विचार करून सांगितलं की उद्या ऊन पडेल. शेरगाझीदादा म्हणाला, तू बारीक झालीस. एवढ्याला मोजे पुरतात. बातमी मायक्रोफोनएवढी हवी. उलट माझी खोलीतली मैत्रीण आयचुरोक त्या शालीवर डोळा ठेवून आहे आणि मला सांगायला रोज बातम्या शोधते. परवा विद्यापीठातल्या बाईंचा फोन आला, "कुंदुझ, एक आनंदाची गोष्ट आहे," म्हणाल्या, तर मी फोन बंद केला. कसली गोष्ट होती ते अजून माहीत नाही.

असं सगळं आहे. तू काळजी करू नकोस, मी जेवते, झोपते, टोपी घालते. तुला उगाच त्रास द्यायला लिहिलं नाही, मन मोकळं केलं इतकंच. सर्वांना सलाम.

नणंद म्हणून तू जिचं नाव तोंडाने घेत नाहीस आणि जिला "आमची विद्वान" म्हणतेस, ती तुझी,
कुंदुझ

ता. क. बाळ झालं की मला फोन करू नका. दादाला पढवून ठेव, पहिला फोन स्टुडिओत करायचा, नंबर मागे लिहिलाय. तो फोन मधल्या भिंतीतल्या खिडकीत असतो, दोघांनाही ऐकू जातो. त्याने "कुंदुझला सांगा, पण दोघांनी मिळून सांगा" एवढंच म्हणायचं. दोघे एकत्र आले तरच मी माझ्या खोलीचं दार उघडणार आणि मायक्रोफोन दोघांच्या चार हातांत देणार. नातवंड झाल्याचं बाबांच्या आधी दोन गाणेवाल्यांना कळावं हे बरं नाही, मला समजतं. पण बातमी खरी, आनंद खरा, यात फसवणूक कुठेच नाही.

ता. क. २. एदिलने हे माझ्या खांद्यावरून वाचलं. तो म्हणतो, घटस्फोटाऐवजी बाळ चालेल, पण कॅमेरा शनिवारपर्यंतच भाड्याने आहे, तर वहिनींना शुक्रवारी दुपारी, उजेड चांगला असताना जमेल का. मी त्याला खूप बोलले. बाळंतपणाला कुणी वेळ ठरवून देतं का, म्हटलं, माणुसकी काही आहे की नाही. तेव्हा तू अजिबात मनावर घेऊ नकोस. शुक्रवारी नाही जमलं तरी चालेल. शनिवारी सकाळी, ट्रक यायच्या आत.