बाई, आ कर

कारंजा लाड
१६ नोव्हेंबर २०२५, रविवार

ती. गिरजाबाईस धाकट्या दौलतचा पायावर डोकं ठेवून नमस्कार.

आधी हिशेब सांगतो, त्याशिवाय माझा हात कागदावर चालत नाही. एका दाढेपायी काय काय गेलं बघ. डॉक्टरीणबाईची फी गेली, ती ओळखीमुळे कमीच पडली. सोयाबीनचा भर हंगाम असताना एका सकाळचा लिलाव गेला. भाकरी गेली, तिच्या जागी गिलगिलीत खिचडी आली. आणि सगळ्यात महाग पडलं ते बोलणं. तोंडात कापसाचा बोळा आहे, बोलायचं नाही असा हुकूम आहे, म्हणून फोन न करता हे पत्र. मला गप्प बसवणं आजवर कोणाला जमलं नव्हतं. तुझ्या भावजयीनं, भागिरथानं, देवापुढं साखर ठेवली म्हणे.

तुला अक्षर लागत नाही, तेव्हा पत्र शुभांगी वाचून दाखवेल. सूनबाई, खणखणीत वाच. तुझी सासू मध्येच 'पुरे आता' म्हणेल, तिथं थांबायचं नाही. ती उठून गोठ्याकडं गेली तर आवाज चढवायचा. तुमच्या ओसरीवरचं गोठ्यात ऐकू येतं, हे मला माहीत आहे.

इकडे सगळे खुशाल. तुझ्या भाच्यानं, हर्षलनं, अडतीच्या दुकानाचा अर्धा भार उचलला आहे आणि मला सल्ला पूर्ण देतो. त्याची प्रियदर्शनी यंदा पहिलीत गेली. तुझ्या देवमनच्या तुरीला फुलोरा कसा आहे ते कळव. मेडशीकडं मध्ये आभाळ आलं होतं असं बाजारात ऐकलं.

आता या दाढेच्या भानगडीत मी पडलो कसा, ते सांगतो. सुरुवात माझ्यापासून झालीच नाही, प्रियदर्शनीपासून झाली.

माझे कान तुला ठाऊक आहेत. सोयाबीनचा दाणा दाढेखाली फोडला की आवाजावरून ओल सांगणारा माणूस मी. आता ओल मोजायचं यंत्र आलं, तरी जुने शेतकरी यंत्राकडं बघून झालं की माझ्या तोंडाकडं बघतात. तर दिवाळीनंतर एकदा पोरगी माझ्याजवळ बसून फुटाणे खात होती, आणि आवाज एकाच बाजूनं येत होता. डावीकडं सगळं सामसूम. विचारलं तर म्हणते, "आबा, इकडच्या दातांले सुट्टी हाय." बॅटरी लावून पाहिलं तर दाढेला काळं भोक. भागिरथा म्हणाली, दुधाची दाढ आहे, आज ना उद्या पडेल. मीही तेच म्हणालो. पण पोरीनं दोन दिवसांत पोळीसुद्धा बंद केली, तेव्हा तिला घेऊन यूसराकडं गेलो.

यूसरा म्हणजे रज्जाकभाईची मुलगी. आपल्या दुकानाला लागून त्यांचं बारदान्याचं दुकान. रिकाम्या पोत्यांच्या थप्पीवर बसून अभ्यास करायची, तीच ही. तुझ्या हातची सांडगी मिरची खाऊन रडली होती आणि आणखी एक मागितली होती. नागपूरला शिकून आता इथंच तिचा दातांचा दवाखाना आहे.

मी तिला सरळ विचारलं, दुधाचा दात पडणारच आहे, मग त्याले भरायचं कायले? ती वाद घालत बसली नाही. पोरीच्या जबड्याचा एक्स-रे काढला, आमच्यासमोरच्या पडद्यावर लावला आणि म्हणाली, "चाचा, खालून पाहा."

बाई, मी जे पाहिलं ते कागदावर उतरेल की नाही, मला शंका आहे. वर पोरीचे रोजचे दात होते, आपल्याला दिसतात ते. आणि त्यांच्या खाली, हाडाच्या आत, दातांची दुसरी ओळ होती. कोणाचं नुसतं डोकं तयार झालेलं, कोणी जवळजवळ पुरा, कोणी तिरपा होऊन जागा शोधणारा. सगळे आपापल्या खोपटीत गुपचूप बसलेले, पाळी लागायची वाट बघत. तुरीची हिरवी शेंग उन्हाकडं धरली की आतले दाणे दिसतात ना, तसे. माझा जन्म धान्यात गेला. पण पेरणारा दिसला नाही, पाणी कोणी दिलं कळलं नाही, आणि पीक आत उभं आहे, असं शेत मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिलं. पोरगी खुर्चीत पाय हलवत बसली होती. तिला काय माहीत की तिच्या एवढ्याशा हनुवटीत उद्याची बाई तयार होऊन राह्यली आहे.

यूसरानं मग बोटानं दाखवत समजावलं. वरचा दुधाचा दात खालच्याची जागा धरून बसलेला असतो. तो किडून वेळेआधी गेला की शेजारचे दात सरकतात आणि खालच्याला बाहेर यायला वाट उरत नाही. खालचा दात वर येतो तो वरच्याच्या मुळ्या विरघळवत येतो. आपण लहानपणी पडलेले दात कौलावर फेकायचो, त्यांना मुळं नसायची, आठवतं? ती मुळं कुठं गेली, हे मला कधी विचारावंसंही वाटलं नाही.

आणखी एक ऐक. सहाव्या वर्षी सगळ्या दातांच्या मागं एक दाढ येते. तिच्यासाठी कोणताच दात पडत नाही, म्हणून घरातल्यांना वाटतं तीही दुधाचीच. ती असते जन्मभराची. प्रियदर्शनीला ती आली आहे आणि आमच्या भरल्या घरात कोणाला पत्ता नाही. बाजारात आलेलं एक पोतं माझ्या नजरेतून सुटत नाही, आणि घरात आलेली जन्माची दाढ सुटली.

किडकी दाढ भरून झाली, पोरगी रडली नाही. मग यूसरानं घरचे नियम सांगितले. सकाळी घासा, पण रात्री जेवणानंतर घासल्याशिवाय निजायचं नाही. दिवसभर आपली लाळ दात धूत असते, झोपेत ती कमी होते आणि किडीचं फावतं. म्हणजे बघ, आपण जिला थुंकी म्हणून थुंकतो ती बिचारी दिवसभर राबते. लेकरांना पेस्ट वाटाण्याएवढी, फेस थुंकायचा, पण चुळांवर चुळा भरायच्या नाहीत. दात घासल्यावर गोड दूध नाही, बिस्कीट नाही. आणि सात-आठ वर्षांपर्यंत पोराच्या हाती ब्रश देऊन मोकळं व्हायचं नाही, मोठ्या माणसानं घासून द्यायचं.

ते काम घरात माझ्याकडं आलं. जेवण झालं की मी मोरीपाशी पाटावर बसतो, प्रियदर्शनी पुढ्यात उभी राहते. मी तिची हनुवटी धरतो आणि म्हणतो, आ कर.

पहिल्याच दिवशी हनुवटी धरली आणि हात तिथंच थांबला. बाई, तुझा हात आठवला. तू चुलीतली राख गाळून घ्यायचीस, माझी हनुवटी उजेडाकडं वळवायचीस आणि म्हणायचीस, "दौल्या, आ कर." बोटानं एकेक दात घासायचीस आणि मग वाकून आत बघायचीस, राहिला तर नाही एखादा. त्यानंतर या वयापर्यंत माझ्या तोंडात कोणी वाकून पाहिलं नाही, थेट यूसरानं पाहिलं. बायकोनं नाही, मी स्वतःसुद्धा नाही.

मग मनात आलं, तुझ्या तोंडात कोणी पाहिलं?

शुभांगी, आता बाई उठेल. उठू दे. वाचत राहा.

राखीला आलो तेव्हा तू म्हणालीस, तोंड आलंय, उष्णता झाली. भाऊबीजेला आलो तेव्हाही तेच म्हणालीस. जेवायला बसलो. करंजी फुटल्याचा आवाज माझ्या ताटातून येत होता, तुझ्या ताटातून नाही. तू भाकरी वरणात कुस्करलीस आणि न चावता गिळलीस. ज्या बाईनं जन्मभर कच्चा हरभरा दातानं सोलला, तिचं जेवण मला ऐकूच आलं नाही. देवमननं काहीतरी चेष्टा केली, तू हसलीस आणि पदर तोंडाशी नेलास. पण त्याच्या आधी मला दिसलं. खालच्या ओठाच्या आत, तू मिश्री दाबून धरतेस तिथं, पांढरं पडलं आहे. मी ओवाळणी टाकली, इकडचंतिकडचं बोललो आणि गाडीत बसलो. त्या पांढऱ्याविषयी मी अजून घरात कोणाला बोललो नाही.

यूसराला मात्र विचारलं. म्हटलं, एक बाई आहे, तंबाखू तव्यावर भाजून त्या मिश्रीनं दात घासते, लग्नाच्या आधीपासून. यूसराचं हसणं थांबलं. म्हणाली, "गिरजाफुफी ना?" मी मान हलवली. तोंड कधीपासून आलंय, विचारलं. मी म्हटलं, राखीच्या आधीपासून. तेव्हा ती म्हणाली, "चाचा, तोंडातली जखम दोन आठवड्यांत भरली नाही तर ती मले पाह्यचीच असते. पुष्कळदा काही निघत नाही. पण न पाहता मी 'काही नाही' म्हणणार नाही. आणि काही निघालं, तर लवकर निघालेलं बरं. इलाज होते."

ती ज्या रोगाची तपासणी करणार, त्याचं नाव मी इथं लिहीत नाही. शुभांगी, तुला कळलं असेल, तूही घेऊ नको. तपासायच्या आधी नाव कशाला?

तू काय म्हणशील ते मला इथं बसून ऐकू येतंय. म्हणशील, मिश्रीनं माझे दात घट्ट राह्यले. मी हे यूसराला विचारलं. ती म्हणाली, तंबाखूनं तोंडाचा तो भाग बधिर होतो, दुखणं आत चालूच राहतं, खबर तेवढी बंद होते. मला पटलं. लहानपणी माझा दात दुखला तेव्हा तू चिमूटभर मिश्री लावली होतीस. दुखणं थांबलं होतं, पण मी ओकून आडवा झालो होतो आणि तू देवाला नारळ बोलली होतीस. म्हणशील, आता या वयात सोडवत नाही. आज सोड असं मी म्हणतच नाही. सोडायलाही यूसरा मदत करते, एकदम नाही, हळूहळू. मी एवढंच मागतो की तोंड उघडून दाखव. आणि म्हणशील, मरायचंच आहे एक दिवस. मर ना. पण तोपर्यंत जेव. मला तुझ्या ताटाचा आवाज पाहिजे.

राहिली भीती. तर माझ्याकडं बघ. ज्या दाढेवर मी दाणा फोडला, जिच्या जोरावर हमालाचा अडत्या झालो, पोरीबरोबर माझंही तोंड पाहिलं तेव्हा तीच सडलेली निघाली, म्हणून यूसरानं काढायला सांगितली. मी खुर्चीत बसलो, आ केला, म्हटलं, काढ बेटा. हूं नाही की चूं नाही. यूसरा म्हणाली, "चाचा, असा पेशंट मी आजवर पाह्यला नाही." लिलावातल्या हमालांनासुद्धा मी हे ऐकवलं आहे. मग तुला तर नुसतं दाखवायचं आहे.

येत्या गुरुवारी सकाळी मी गाडी घेऊन मेडशीला येतो. तुला मळमळतं म्हणून काचा उघड्या ठेवू, वाटेत दोनदा थांबू. शुभांगीला सोबत घे. यूसरानं सकाळची पहिली वेळ तुझ्यासाठी ठेवली आहे, दुसरं कोणी नसेल. ती तुझी हनुवटी धरून उजेडाकडं वळवील. मी तिथंच उभा राहीन. घरी आलो आणि तू शेतात निघून गेलेली असलीस, तर मी शेतात येईन. तूर उंच झाली असली तरी माझे कान आहेत, कुठं लपलीस ते सापडेल.

बाई, एवढं लिहून झालं आणि पाकीट चिकटवायला हात होईना. तुला खुर्चीत बसायला सांगतो आणि स्वतः थाप मारतो, हे बरं नाही. तोंडात कापूसबिपूस काही नाही. फोन केला असता तर पहिल्या शब्दालाच तू ओळखलं असतंस की दौल्या भ्याला आहे, आणि कोणासाठी भ्याला ते विचारलं असतंस. म्हणून कागद घेतला. त्या दिवशी पोरगी हसत खुर्चीतून उतरली, फी भरून मी बसलो, यूसरानं सुई हातात घेतली, आणि मी उठून चप्पल घालून सरळ दुकानात आलो. गुरुवारी आधी तू बस, मी तुझा हात धरतो. मग मी बसतो, तू माझा धर.

तुझी वाट पाहणारा,
दौलत

दाढ अजून तोंडातच आहे.