स्वर्गीय माईंचा परदेशदौरा

३ नोव्हेंबर, उज्जैन

मी जाणार. विषय संपला!

श्रुती नानाखेड्याच्या वळणावर स्कूटरवरून पडली, पाय प्लॅस्टरमध्ये. हनोई, बँकॉक, सिंगापूर — तिन्हीकडे बोलायचं काम सूनबाईंचंच होतं. सुमीत अगरबत्ती उत्तम बनवतो, पण गिऱ्हाइकासमोर बसला की त्याची वाचा जाते. मग इंग्रजी कोण बोलणार? म्हटलं, मी. कॉन्व्हेंटच्या सिस्टरांनी हातावर पट्ट्या मारून शिकवलंय, ते काय फ्रीगंजच्या बँकेत कर्जाची पत्रं लिहिण्यापुरतंच?

चिरंजीवांचा चेहरा पांढराफटक! "आई, तू नको ना. दगदग होईल. तुझा दमा..." श्रुती आपल्या प्लॅस्टरकडे एकटक बघत बसली.

मागच्या वर्षी न्यूमोनियाने आयसीयूत पडले, तेव्हापासून हे दोघं मला काचेच्या कपाटात ठेवतात. माझा भाऊ गोपाळ त्यांच्याही पुढचा. मी आत व्हेंटिलेटरवर, आणि याने इंदूरहून फॅमिली ग्रुपवर टाकलं — "सुलभाताईंना भावपूर्ण श्रद्धांजली"! वर हात जोडलेली चित्रं. दुसऱ्या दिवशी सकाळी मी डोळे उघडले. त्या गाढवाशी मी अजून बोलत नाही.

५ नोव्हेंबर, विमानात

आता समजलं सुमीत रात्ररात्र का झोपत नाही ते. सिंगापूरची ऑर्डर मिळाली नाही तर मार्चमध्ये कारखाना बंद. मग पुण्यात मित्राच्या कंपनीत नोकरी, अकराव्या मजल्यावर फ्लॅट. "आपण सगळेच जाऊ, आई."

सगळेच! अकराव्या मजल्यावर, लिफ्टची वाट बघत बसायला! मी उज्जैनमध्ये जन्मले, तिथेच राहणार.

"मग ऑर्डर मिळवून दे," म्हणाला. आणि खिडकीकडे तोंड करून, हळूच — "तिथे कुणी विचारलं तर तू माझी मावशी. ठीक है?"

का म्हणे? बिझनेसमध्ये आईला घेऊन फिरलं की लोक हसतात म्हणे. हसू देत की!

७ नोव्हेंबर, हनोई

मी मेले आहे.

अगरबत्तीच्या बांबूच्या काड्या इथून येतात. मालक तुआन म्हणून, अतिशय सभ्य गृहस्थ. त्यांच्या ऑफिसात लाल देव्हारा. त्यात घरच्या वारलेल्यांचे फोटो: त्यांचे वडील, त्यांची आजी — आणि शेजारी मी! आमच्याच पाकिटावरचा फोटो, मोठा करून. पुढे केळी, चहाचा कप, अगरबत्ती.

परदेशी पाठवायची पाकिटं मी कधी पाहिलीच नव्हती. धुरामुळे कारखान्यात पाऊल टाकत नाही. पाहावं तर काय — डोक्यावर पांढरा पदर, गळ्यात तुळशीची माळ, चेहरा माझा! मी बॉबकटवाली बाई. माळ कुठली, पदर कुठला! खाली इंग्रजीत: "स्वर्गीय माईंच्या हातची कृती." मला आयुष्यात कुणी माई म्हटलेलं नाही. आणि कृती श्रीकांतची. नवऱ्याची मेहनत, बायकोचं मरण!

तुआन वाकून म्हणाले, "तुमच्या बहिणीबद्दल फार वाईट वाटलं."

सुमीत जमिनीत शिरायला जागा शोधत होता. मी गंभीरपणे पुढे झाले, माझ्यासमोरचं एक केळं उचललं आणि खाल्लं. म्हटलं, "तिला आवडायची."

हॉटेलवर आल्यावर धारेवर धरलं. "लोकांना अशी कहाणी आवडते आई, माल उठतो." जिवंत आईचा नाही उठत? बोल ना! "जाऊ दे ना यार आई. लंबी कहानी है."

८ नोव्हेंबर

बोलणं बंद. केळं मात्र छान होतं.

१० नोव्हेंबर, बँकॉक

बोलणं बंद ठेवून सूड घेता येत नाही. म्हणून आज बोलले.

इथले व्यापारी चढ्ढा — जाडजूड, हळवे. "माईजींबद्दल काही सांगा ना, बहनजी." म्हटलं, का नाही! माई रमीत पत्ते लपवायची. माई देवळाच्या रांगेत पाय दुखल्याचं सोंग करून पुढे घुसायची. माईने मुलाला दहावीपर्यंत रोज दुधी खायला घातला, तरी कार्टं असं निघालं. सुमीत टेबलाखालून लाथा मारतोय, मी पाय आधीच वर घेतलेले!

चढ्ढांनी डोळे पुसले. "क्या औरत थी!" आणि ऑर्डर दुप्पट केली.

बाहेर आल्यावर हा म्हणतो, "आई, तू माझी पुरी वाट लावशील."

"मला काय फरक पडतो? मी मेलेय."

हसला नाही. एकदम तोंड फिरवून टॅक्सी शोधायला लागला.

एक गोष्ट मात्र डोक्यातून जात नाही. याला ती पदरवाली माई जास्त चालते का? कमी बोलते, हे खरं.

१२ नोव्हेंबर, सिंगापूर

मीनाक्षीअम्मा. माझ्याहून मोठ्या, नाकात दोन्हीकडे हिरे, तीन दुकानं, नजर कस्टमवाल्यासारखी. पाकीट बघितलं, मला बघितलं.

"नाक सारखंच आहे."

"सख्ख्या बहिणी."

"प्रत्येक अगरबत्तीवाल्याची कुणीतरी वारलेली असते," म्हातारी म्हणाली. "ती गेल्याचं खरंच कुणाला दुःख आहे, ते मला बघायचंय." आणि आमचीच काडी पेटवून माझ्या नाकासमोर खोचली!

एक क्षण वाटलं, आत्ताच सांगून टाकावं — बाई, ती मीच. सुमीतकडे बघितलं. त्याने डोळे मिटून घेतले होते. मग तो अकरावा मजला आठवला.

गप्प बसले. धूर आपलं काम करायला लागला. डोळ्यांतून धारा, नाकातून धारा, घसा बंद! "माझी... बहीण..." एवढंच निघालं. अम्मांनी माझा हात घट्ट धरला. त्यांचीही धाकटी दोन वर्षांपूर्वी गेली म्हणे. त्या खरं रडत होत्या, मी धुराने. थोड्या वेळाने कोण कशाने रडतंय ते सांगता आलं नसतं.

तेवढ्यात सुमीत "आई!" करून ओरडला आणि धावला. माझा दम्याचा पंप बॅगेत नव्हता, त्याच्या शर्टाच्या खिशात होता. तीन देश तो खिशात घेऊन फिरत होता!

अम्मांनी भुवई उचलली. "तुमच्याकडे मावशीला आई म्हणतात?"

"लाडाने," मी म्हटलं. एक फवारा घेऊन.

अम्मांनी पाकिटावरचा फोटो पुन्हा एकदा बघितला. मग वर्षभराच्या ऑर्डरवर सही केली. निघताना कानात म्हणाल्या, "बहिणीला सांगा, तब्येतीला जप."

१५ नोव्हेंबर, उज्जैन

मी श्रुतीला फैलावर घेतलं. ती रडायलाच लागली. गोपाळमामाची ती श्रद्धांजली आयसीयूबाहेरच्या बाकावर सुमीतने वाचली. शेजारची कुणी बाई त्याला म्हणाली, "रो मत बेटा, मरने की झूठी खबर फैले तो उमर बढ़ती है." सकाळी मी डोळे उघडले. त्याच आठवड्यात पाकिटं छापायला जायची होती. "स्वर्गीय" त्याने स्वतःच्या हाताने घातलं. "तेव्हापासून काढूच देत नाही, आई. म्हणतो, जेवढी पाकिटं तेवढं आईचं आयुष्य वाढतं."

सुमीत दारात उभा. "पुढच्या छपाईत काढतो ते."

"खबरदार! सिंगापूरला किती जाणार?"

"पन्नास हजार."

"एक लाख छाप. आणि फोटोतली ती माळ काढ."

मग गोपाळला फोन लावला. म्हटलं, संक्रांतीला ये.